तिसऱ्या घंटेच्या आत: ठाणे-नवी मुंबईत लाडक्या टीव्ही सूत्रसंचालकाचा लाइव्ह कॉमेडी शो बघायला जाताना

आईला घेऊन मी एका लाइव्ह शोला गेले होते. आमच्या घरात रात्रीचं जेवण ज्याच्या आवाजावर होतं, त्या टीव्हीवरच्या सूत्रसंचालकाचा एकट्याचा दीड तासाचा प्रयोग. नाव सांगत नाही, कारण पुढचा घोळ त्याचा नव्हता, सगळा माझा होता. तिकिटावर ‘ठाणे’ वाचलं आणि पाय सवयीने तलावपाळीकडे वळले. आजवरची सगळी नाटकं गडकरी रंगायतनला पाहिलेली, त्यामुळे दुसरं काही डोक्यातच आलं नाही. दारात भलत्याच नाटकाचा बोर्ड. मोबाइल काढून बघते तर शो घाणेकर नाट्यगृहाला! तिथून कॅडबरी जंक्शन, वर्तकनगर, पोखरण रोड नंबर दोन, आणि शनिवार संध्याकाळ. रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. मीटरपेक्षा मला ते जास्त महाग पडत होतं.

पंचवीस मिनिटं उशिरा अंधारात चाचपडत खुर्च्यांवर बसलो. शो उत्तम होता, आईही हसायला लागली. शेवटी त्याने सासूबाईंचा एक लांबलचक किस्सा रंगवत नेला, क्षणभर थांबला आणि फक्त म्हणाला, ‘‘कळवा.’’ अख्खं नाट्यगृह कोसळलं. लोक खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत होते. आम्ही दोघी कळव्याच्याच. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘आपल्या कळव्यात एवढं हसण्यासारखं काय आहे गं?’’

बाहेर पडताना शेजारच्या ताईंनी उलगडा केला. सुरुवातीला त्याने पहिल्या रांगेतल्या एका काकांना विचारलं होतं, कुठून आलात? काका म्हणाले, ‘‘कळवा.’’ हा म्हणाला, ‘‘कोणाला कळवू?’’ आणि मग पूर्ण संध्याकाळ तो एक शब्द त्याने पाचसहा वेळा फिरवला होता. आम्ही बी पेरायच्या वेळी रिक्षात होतो आणि कापणीला हजर झालो.

टीव्हीवरचा भाग पाच मिनिटं उशिरा लावला तरी बिघडत नाही, लाइव्ह शोमध्ये मात्र बिघडतं. पहिल्या दहा मिनिटांत तो माणूस हॉलमधल्या लोकांशी ओळख करून घेतो, काही शब्द, काही माणसं बाजूला काढून ठेवतो आणि शेवटी तीच परत आणतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते तिसऱ्या घंटेच्या आत, म्हणजे शो सुरू व्हायच्या आधी, योग्य नाट्यगृहात, योग्य खुर्चीवर तुम्हाला शांतपणे बसता यावं यासाठी आहे.

आधी जाहिरात नीट वाचा

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली आलं, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ साली, आणि मराठी घरांत विनोदी सूत्रसंचालक, स्किटमधले कलाकार हे नातेवाइकांसारखे झाले. त्यांचे चेहरे लावले की तिकीट खपतं, हे आयोजकांनाही कळलं. त्यामुळे पोस्टरवर फोटो मोठा आहे एवढ्यावर जाऊ नका. नावाआधी किंवा नंतर काय लिहिलंय ते बघा.

‘फेम’ हा शब्द दिसला तर त्या मालिकेतला कुणीही असू शकतो, मुख्य सूत्रसंचालक असेलच असं नाही. ‘विशेष उपस्थिती’ म्हणजे बहुतेकदा दहा मिनिटं, एक सत्कार आणि हात हलवणं. ‘सूत्रसंचालन’ लिहिलं असेल तर तो आहे, पण दोन गाण्यांच्या मध्ये. ऑर्केस्ट्रा आवडत असेल तर जरूर जा. त्याचा स्वतःचा शो असेल तर ‘एकपात्री’, ‘स्टँड-अप’, ‘सोलो’ असं काहीतरी असतं आणि कालावधीही दिलेला असतो, साधारण ७५ ते १२० मिनिटं. टीव्हीवरच्या पूर्ण टीमचा दौरा असेल तर चारपाच स्किट, मध्ये गाणी, मध्यंतर, असा तीन तासांचा मामला असतो. या दोन्हींत खरं तर तुलना नको, पण मला विचाराल तर ज्याला टीव्हीवर बघून कंटाळा येत नाही, त्याला एकदा तरी एकटं बघावं. मागे लेखकांची टीम नाही, एडिटिंग नाही, विनोद पडला तर तो पडलेला सगळ्यांना दिसतो. त्या पडलेल्या विनोदातून माणूस कसा उठतो, हे टीव्हीवर कधी दिसत नाही.

‘ट्रायल शो’ किंवा ‘नवीन मटेरियल’ लिहिलेलं स्वस्तातलं तिकीट दिसलं तर ते छोट्या जागेत, हातात कागद घेऊन केलेलं काम असतं. चाहत्याला ते बघताना मजा येते. आईला पहिल्यांदा नेणार असाल तर नको.

आणखी एक. टीव्हीवर जो ‘काय पाहुणे!’ म्हणून गोड हसतो, तो स्टेजवर त्याच भाषेत बोलेल याची खात्री नाही. तिकिटाच्या पानावर वयोमर्यादा असते, १६ किंवा १८, ती बघा. त्याच्या लाइव्ह शोच्या एकदोन क्लिप घरी हेडफोन लावून ऐका. शिव्या असतील तर कोणाला न्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या आईला दोन शिव्या चालतात, तिसरीला ती पदर नीट करते.

टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जाणं ही निराळी गोष्ट. ते फुकट असतं, आणि सहा-सात तासही बसावं लागतं. रिटेक होतात, ‘आता टाळ्या’ असं सांगितलं जातं, फोन बाजूला ठेवायला लागतो, आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकून पहिल्यासारखं हसायचं असतं. तिथे बसवण्याचे पैसे कुणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

कुठलं नाट्यगृह, हे मोठ्याने वाचा

माझी चूक तुम्ही करू नका म्हणून थोडं सविस्तर. ठाण्यात महापालिकेची दोन मोठी नाट्यगृहं. राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ पासून मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजे तलावपाळीला. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं, आईबरोबर असाल तर पंधरा. गडकरींनी विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले, तेव्हा त्यांच्या नावाच्या वास्तूत हसायला कुणाची हरकत नसावी.

दुसरं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, हिरानंदानी मेडोजच्या बाजूला. घाणेकर शिक्षणाने दातांचे डॉक्टर, त्यामुळे तिथे हसताना दात दिसले तर चालतं, असं आमच्याकडे म्हणतात (म्हणजे मीच म्हणते). स्टेशनपासून हे लांब आहे. रिक्षा किंवा टीएमटीची बस, आणि संध्याकाळी तीन हात नाका, नितीन, कॅडबरी या सिग्नलांपैकी एक तरी अडवतोच. घाणेकरला मोठ्या हॉलशिवाय एक मिनी थिएटरही आहे आणि छोटे स्टँड-अप शो अनेकदा तिथे होतात. एकाच आवारात दोन शो असू शकतात, तेव्हा कोणता दरवाजा ते आधी विचारा.

नवी मुंबईत वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाची सुरुवात केली, त्यांचं नाव. वाशी स्टेशनपासून चालण्यासारखं नाही असं नाही, पण उन्हात आणि पावसात रिक्षा बरी. पनवेलला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. जाहिरातीत ‘नवी मुंबई’ लिहून शो पनवेलला, आणि ‘ठाणे’ लिहून मुलुंडच्या कालिदासला, असंही होतं. मुलुंड ठाण्याच्या शेजारचं स्टेशन असलं तरी रिक्षावाल्याला ‘गडकरी’ सांगून चालणार नाही.

ठाण्याहून वाशीला जायचं तर नऊ किंवा दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बर लोकल, अर्धा तास. रस्त्याने जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, असं माझं मत आहे, आणि ऐरोलीच्या सिग्नलला अडकलेला कोणीही ते मान्य करेल.

तिकीट आणि खुर्ची

मराठी नाटकाचं बुकिंग प्रयोगाच्या काही दिवस आधी उघडतं, त्याला ‘प्लॅन उघडला’ म्हणतात. टीव्हीवरच्या मोठ्या नावाचे शो मात्र महिना-दीड महिना आधीच ऑनलाइन येतात आणि मधल्या रांगा पहिल्या दोन दिवसांत जातात. बुकमायशो, डिस्ट्रिक्ट आणि मराठी नाटकांसाठी तिकिटालय ही अ‍ॅप बघा. त्या सूत्रसंचालकाचं स्वतःचं सोशल मीडियाचं पान बघत राहा, कारण नवीन तारीख सर्वांत आधी तिथेच पडते. नाट्यगृहाची खिडकी अजून उपयोगाची आहे. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेतच उघडते, म्हणून फोन करून जा. खिडकीवर सुविधा शुल्क लागत नाही, आणि तिथला माणूस कागदावरचा प्लॅन दाखवून सांगतो, ‘‘ही घेऊ नका ताई, समोर कॅमेऱ्याचा स्टँड येणार आहे.’’ हे अ‍ॅप सांगत नाही.

पैशांचा हिशेब करताना अ‍ॅपवरचं शुल्क शेवटच्या पानावर दिसतं, ते धरा. नाट्यप्रयोगाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो, त्याच्यावर १८ टक्के लागतो. म्हणून ४९९ चं तिकीट एवढं दिसतं. पैसे सहसा परत मिळत नाहीत, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची तारीख पक्की झाल्याशिवाय पाच तिकिटं काढू नका. काढलीत आणि कुणी गळालं तर शेजाऱ्यांना द्या. अनोळखी माणसाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉटचं तिकीट घेऊ नका. क्यूआर कोड एकदा स्कॅन झाला की दुसऱ्याला आत सोडत नाहीत आणि पहिला कोण ते दारातच कळतं.

आता खुर्ची. लोक पहिल्या रांगेचा हट्ट धरतात. पहिल्या दोन-तीन रांगा म्हणजे सूत्रसंचालकाच्या हातातलं खेळणं. तुमचं नाव, गाव, नोकरी, शेजारी बसलेली बायको, सगळ्यावर बोललं जाणार. ज्यांना ते आवडतं त्यांनी तिथेच बसावं आणि मग घरी येऊन तक्रार करू नये. मला पाचवी ते दहावी रांग आवडते. चेहऱ्यावरचे हावभाव दिसतात, मान वर करावी लागत नाही, आणि मागून येणारं हसू पाठीवर पडतं. ते पाठीवर पडणारं हसू हाच लाइव्ह शोचा निम्मा पैसा आहे. बाल्कनी स्वस्त असते, वाईट नाही, पण पायऱ्या उभ्या असतात; गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना खालीच बसवा. कडेची खुर्ची घेतली तर मध्येच उठता येतं, फक्त मधल्या वाटेकडची घेताना लक्षात ठेवा की तो खाली उतरून आला तर माइक आधी तुमच्याच तोंडासमोर येणार. व्हीलचेअर लागणार असेल तर नाट्यगृहात आधी फोन करून कोणत्या दाराने यायचं ते विचारा, आयत्या वेळी गेटवरचा पोरगा गोंधळतो.

तिसऱ्या घंटेपासून उलटं मोजा

समजा शो रात्री साडेआठचा आहे. लोक म्हणतात, मराठी माणसाचा कार्यक्रम, दहा मिनिटं इकडे-तिकडे. त्यावर विसंबू नका. साडेआठला तिसरी घंटा धरा.

सव्वाआठला खुर्चीवर. त्याआधी स्वच्छतागृह, आणि बायकांच्या बाजूला रांग असतेच, तर आठ वाजता आवारात. दारावर बॅग तपासतात, बाहेरचं खाणं आणि पाण्याची बाटली अडवतात, तिकीट उघडायला नेट लागतं आणि गर्दीत ते नेमकं जात नाही. म्हणून तिकीट घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. काही शोंना फोन पाकिटात बंद करून देतात, त्यालाही पाच मिनिटं जातात. पावणेआठ पकडा. गडकरीला जायचं तर ठाणे स्टेशनला सव्वासातला उतरलात तरी तलावपाळीवर एक चक्कर होते. घाणेकरला जायचं तर मात्र साडेसहाला स्टेशन सोडा. वाशीला जाताना ठाण्याहून पावणेसातची गाडी.

रविवारी दुपारी चारचा शो असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) बघून ठेवा. ब्लॉक साधारण सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे नेमका तुमच्या प्रवासाच्या वेळेत. एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं अ‍ॅप उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं. तरी आम्ही कळव्याहून निघताना फलाटावर उभं राहूनच ते उघडतो, तो भाग वेगळा.

जेवण आधी की नंतर? साडेआठच्या शोला आधी थोडं खाऊन जा. गडकरीला जाणार असाल तर मामलेदारची मिसळ जवळच आहे, पण तिखट झेपत असेल तरच. घामाघूम होऊन एसीत बसलं की शिंका येतात. एसीवरून आठवलं, शाल घ्या. पावसाळ्यात ओली छत्री ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी घ्या, नाहीतर पुढच्याच्या शर्टाला पाणी लागतं आणि तो विनोदाच्या ऐन मोक्याला मागे वळून बघतो.

आत बसल्यावर

फोन बंद. नुसता सायलेंट नव्हे, कारण अंधारात उजळलेला पडदा स्टेजवरून सरळ दिसतो आणि मग पुढची दोन मिनिटं तुमच्यावर जातात. रेकॉर्डिंग करू नका. एक विनोद तयार करायला महिने लागतात, आणि तुम्ही तो मोबाइलवर टाकलात की पुढच्या गावात तो शिळा होतो.

त्याने तुम्हाला काही विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. कळव्याचे काका नुसतं ‘कळवा’ म्हणाले म्हणून संध्याकाळ रंगली. ते जर ‘‘तुम्ही सांगा बरं ओळखून!’’ असं म्हणाले असते तर काहीच झालं नसतं. आपण विनोद करायला जायचं नाही, त्याचे पैसे त्याला दिलेत. मुलांची शाळा, घराचा पत्ता, ऑफिसातल्या साहेबांचं नाव असलं माइकवर सांगू नका, शो रेकॉर्ड होत असतो.

दुसरं म्हणजे टीव्हीवरचा त्याचा ठरलेला डायलॉग मागून ओरडून मागू नका. तो शेवटी देणारच असतो. आणि विनोदाचा शेवट आधीच ओळखून शेजाऱ्याला सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक हॉलमध्ये असतात, ते तुम्ही नाही ना एवढं बघा.

लहान मूल कंटाळलं तर दोन विनोदांच्या मध्ये टाळ्या चालू असताना उठा. उशीर झालाच तर दाराशी उभं राहून टाळ्यांची वाट बघा आणि मग आत शिरा.

मध्यंतर असेल तर बटाटावडा. गडकरीचा वडा हा नाटकाइतकाच जुना विषय आहे. मध्यंतर व्हायच्या आधी उठून रांग धरणारे असतात. मी त्यांच्यावर हसत असे, आता आईला खुर्चीवर बसवून मीच पळते. एकपात्री शोला बहुधा मध्यंतर नसतं, तेव्हा वड्याच्या आशेवर उपाशी राहू नका.

सुटल्यावर

भेटायचंय, सेल्फी हवाय, हे अगदी साहजिक आहे. काही जण शो संपल्यावर स्टेजसमोर थांबतात, काही थेट निघतात, कारण त्यांना त्याच रात्री पुढच्या गावी जायचं असतं. रंगमंचामागे शिरायचा प्रयत्न करू नका. दारावरच्या माणसाला ‘‘भेटतील का?’’ एवढं विचारा, नाही म्हणाला तर नाही. भेट झालीच तर फोनचा कॅमेरा आधी उघडून ठेवा. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी पासवर्ड टाकण्यात जी दोन मिनिटं घालवली, ती मागच्या चाळीस जणांनी मोजली होती. खाऊ, पेढे नेले तर ते तो घेईलच असं धरू नका.

परतीचं आधी ठरवा. साडेआठचा तीन तासांचा शो साडेअकराला सुटतो. त्या वेळी ट्रान्सहार्बरच्या गाड्या विरळ असतात, म्हणून वाशीहून ठाण्याला यायचं तर शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा आणि शेवटची धरायच्या भरवशावर सेल्फीच्या रांगेत थांबू नका. घाणेकरबाहेर शो सुटल्यावर सगळ्यांना एकदमच रिक्षा हवी असते. थोडं चालत मुख्य रस्त्याला आलं की लवकर मिळते. मीटर टाकायला सांगा. रात्री १२ ते पहाटे ५ मध्ये भाडं सव्वापट असतं, त्याच्या आधी नाही. स्वतःची गाडी आणलीत तर आवारातून बाहेर पडायलाच वीस मिनिटं धरा.

आम्ही त्या रात्री मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो. ताईंनी सांगितलेला उलगडा आईच्या डोक्यात अजून घोळत होता. पहिली रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, ‘‘कुठे?’’

आई म्हणाली, ‘‘कळवा,’’ आणि तिथेच रस्त्यावर, एका हाताने माझा खांदा धरून, हसत सुटली.